भांगेतली तुळस पारखायची कशी?

गेल्या महिन्यात टिळक रस्त्यालगतच्या एका छोट्या सभागृहात ‘गांजा : औषध की व्यसन?’ असा परिसंवाद झाला. पुण्यात सभागृह, चहा आणि दोन विरुद्ध मतं जमली की परिसंवाद होतोच. एका बाजूला आयुर्वेदाचे अभ्यासक होते, दुसऱ्या बाजूला निवृत्त पोलीस अधिकारी. अभ्यासकांनी अथर्ववेदातल्या भंगेपासून सुरुवात केली आणि थेट अमेरिकी पेटंटवर उडी मारली. मेंदूला मार लागलेल्या माणसाला गांजातली द्रव्यं वाचवतात हे सिद्ध झालेलं आहे, फक्त आपल्या कायद्याला ते दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. अधिकाऱ्यांनी कॉलेजातल्या पोरांचे चार किस्से सांगितले आणि हा गांजा औषधाचं नाव घेऊन मागच्या दारानं घरात शिरेल, असं बजावलं. टाळ्या दोघांनाही सारख्याच पडल्या. मी पस्तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. किती रुग्णांवर पाहिलं, कुणाशी तुलना करून, कोणत्या मात्रेत, हे दोघांपैकी एकालाही कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही, माइक माझ्यापर्यंत पोचेतो आभारप्रदर्शन सुरू झालं होतं.

तर तेव्हा बोलायचं राहिलं ते इथे. मार लागलेल्या मेंदूसाठी गांजातल्या द्रव्यांचा अभ्यास व्हायला हवा, आपल्या देशात व्हायला हवा, आणि त्यासाठी लागणाऱ्या परवानग्या आजच्यापेक्षा सुटसुटीत हव्यात. मात्र तो अभ्यास पुरा होईपर्यंत मेंदूच्या दुखापतीवरचा उपाय म्हणून या द्रव्यांचा एक थेंबही विकला जाऊ नये. या दोन मागण्या एकत्र करता येत नाहीत असं समजणाऱ्यांमुळेच हा वाद चिखलात रुतलाय. आज आपली व्यवस्था नेमकी उलटी आहे : तपासायला अवघड आणि विकायला सोपं.

मुळात या द्रव्यांकडून कुणाला काही आशा का वाटावी? पुणेकरांना हे पानशेतच्या भाषेत लवकर कळेल. १२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेतचं धरण फुटलं, मग खडकवासल्याचं गेलं, आणि पाणी शहरात शिरलं ते त्यानंतर. फुटणं आणि बुडणं यांच्यात काही तास होते. डोक्याला मार लागतो तेव्हाही असंच होतं. आघाताच्या क्षणी ज्या पेशी फाटतात त्या गेल्या, त्यांना कोणतंच औषध परत आणत नाही. पण त्या पेशींमधून ग्लुटामेट नावाचं रसायन बेसुमार सांडतं. एरवी हेच रसायन निरोप पोचवण्याचं काम करतं. आता ते शेजारच्या धडधाकट पेशींची दारं सताड उघडतं, आत कॅल्शियमचा लोंढा घुसतो, पेशीचं ऊर्जाघर बंद पडतं, घातक मुक्तकणं तयार होतात, दाह होतो, सूज चढते. आणि कवटी काही फुगत नाही. हा दुसरा पूर तासांचा, कधी दिवसांचा असतो. तो अडवता आला तर माणूस वाचेल किंवा निदान जास्त शाबूत राहील, या एका आशेवर जगभरच्या प्रयोगशाळांनी कित्येक दशकं घालवली आहेत.

गांजातल्या द्रव्यांचा संबंध इथे येतो, आणि तो काल्पनिक नाही. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या सरकारी संशोधन संस्थेत हॅम्पसन आणि नोबेलविजेते ज्युलियस अ‍ॅक्सेलरॉड यांच्या गटानं उंदरांच्या मेंदूतल्या पेशी बशीत वाढवल्या आणि त्यांच्यावर ग्लुटामेटचा मारा केला. टीएचसी आणि कॅनाबिडिओल या गांजातल्या दोन्ही द्रव्यांनी त्या पेशींचं मरण कमी केलं. यातलं दुसरं द्रव्य नशा आणत नाही. २००१ मध्ये इस्रायलमधल्या संशोधकांनी दाखवलं की उंदराच्या डोक्याला इजा झाली की त्याचा मेंदू स्वतःच गांजासारखं एक रसायन जास्त प्रमाणात तयार करतो, आणि ते बाहेरून दिलं तर सूज कमी राहते. म्हणजे त्या अभ्यासकांनी सभागृहात सांगितलेलं सगळंच हवेतलं नव्हतं. बीज खरं होतं, त्यांनी ते झाड म्हणून विकलं.

पेटंटचंच घ्या. ‘अमेरिकी सरकारकडेच पेटंट आहे’ हे वाक्य या वादात ब्रह्मास्त्रासारखं सोडलं जातं. मेंदूच्या रक्षणासाठी ही द्रव्यं वापरण्याचं ते पेटंट खरंच होतं, २००३ मध्ये मिळालं आणि त्याची मुदत २०१९ मध्ये संपलीसुद्धा. पण पेटंट मिळायला कल्पना नवी आणि उपयोगी पडण्याजोगी असावी लागते. एकही रुग्ण बरा केलेला असावा लागत नाही. तसंच आनंदामाइडचं. मेंदूत सापडलेल्या या गांजासदृश रसायनाला १९९२ मध्ये संशोधकांनी ‘आनंद’ या संस्कृत शब्दावरून नाव दिलं, तर आपल्याकडे पूर्वजांनाच ते ठाऊक असल्याचा पुरावा म्हणून ते नाव मिरवतं. बारशाला पुरावा म्हणायचं असेल तर आमच्या गल्लीत तीन विक्रमादित्य राहतात.

मग माणसांवरचा पुरावा? एक आकडा या वादात फार फिरतो. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मेंदूला इजा झालेल्या ४४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. ज्यांच्या लघवीत टीएचसी सापडलं त्यांच्यात मृत्यू २.४ टक्के, बाकीच्यांत ११.५ टक्के. ऐकायला जबरदस्त वाटतं. आता जरा पेन घेऊन बसा. टीएचसी सापडलेले रुग्ण होते ८२. त्यांचे २.४ टक्के म्हणजे दोन माणसं. आणखी दोघं गेले असते तर टक्केवारी दुपटीवर गेली असती. संशोधकांनी वय, इजेची तीव्रता वगैरे फरक हिशेबात धरले होते, तो त्यांचा प्रामाणिकपणा. पण लघवीत टीएचसी कित्येक दिवस राहतं. अपघाताच्या वेळी रुग्णाच्या रक्तात ते किती होतं, होतं की नव्हतं, हे त्यातून कळत नाही. अशा अभ्यासानं पुढचा प्रश्न विचारायचा असतो. आपण त्यालाच उत्तर समजून फ्रेम करून टांगतो.

पुढचा प्रश्न विचारलाही गेला होता, आणि तो आधीच. इस्रायलमध्ये डेक्सानॅबिनॉल नावाचं कृत्रिम कॅनाबिनॉइड, म्हणजे गांजातल्या द्रव्यांच्या धर्तीचं द्रव्य, तयार झालं होतं. नशा नाही, प्राण्यांमध्ये उत्तम परिणाम, ६७ रुग्णांवरच्या पहिल्या चाचणीत आशादायक खुणा. मग १५ देशांत ८६१ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, अपघातापासून सहा तासांच्या आत एक मात्रा. निकाल २००६ मध्ये आला. सहा महिन्यांनी अवस्था वाईट असलेले रुग्ण औषध घेतलेल्यांत ५० टक्के, न घेतलेल्यांत ५१. इतक्या वर्षांचं काम एका टक्क्यात संपलं. सभागृहात या चाचणीचा उल्लेख दोघांनीही केला नाही. एकाला तो अडचणीचा होता, दुसऱ्याला बहुधा माहीत नव्हता. नाहीतर त्यांनी तो नक्की फेकून मारला असता.

पण तो मारा तरी बरोबर ठरला असता का? डेक्सानॅबिनॉल हे गांजातल्या द्रव्यांच्या घराण्यातलं असलं तरी ते आरशातलं प्रतिबिंब आहे, रेणू उलट्या हाताचा. गांजाची द्रव्यं मेंदूतल्या पेशींच्या ज्या ग्राहकांवर (रिसेप्टरांवर) बसतात त्यांवर ते बसतच नाही. ग्लुटामेटचं दार ते वेगळ्या बाजूनं लावतं. त्यामुळे त्याच्या अपयशानं कॅनाबिडिओलचा निकाल लागत नाही. जो धडा मिळतो तो या द्रव्यापुरता नाही, उंदीर आणि माणूस यांच्यातल्या अंतराचा आहे. प्रयोगशाळेतला उंदीर तरुण असतो, त्याच्या डोक्यावर ठरलेल्या जागी ठरलेल्या जोरानं वजन पडतं आणि औषध वेळच्या वेळी मिळतं. कात्रज घाटात दुचाकी घसरलेला पोरगा आणि न्हाणीघरात पाय सरकून पडलेल्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या आजी, दोघांच्याही केसपेपरवर ‘डोक्याला मार’ एवढंच लिहिलेलं असतं. पण आतलं चित्र वेगळं, वेळ वेगळी. शिवाय अ‍ॅम्ब्युलन्स स्वारगेटच्या चौकात किती वेळ अडकली याची नोंद कोणत्याच उंदराच्या वहीत नसते. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचंही असंच झालं : दोन छोट्या चाचण्यांत आशा, २०१४ मध्ये दोन हजारांहून जास्त रुग्णांवरच्या दोन मोठ्या चाचण्यांत शून्य.

आता मी माझ्या विरुद्ध बाजूच्या सर्वांत बळकट मुद्द्याकडे येतो. तो मला व्यासपीठावर नाही, आमच्या जिन्यात ऐकायला मिळाला. शेजारच्या कुटुंबातला बावीस वर्षांचा मुलगा पावसाळ्यात सिंहगड रस्त्यावर घसरला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. आठवडाभर तो आयसीयूत बेशुद्ध होता. त्याच्या आईनं कुठूनशी विजयाच्या, म्हणजे भांगेच्या, तेलाची बाटली मागवली होती, चार हजार रुपयांची. जिन्यात मला थांबवून ती हळूच म्हणाली, ‘‘काका, नाकातल्या नळीतून दोन थेंब घातले तर कुणाला कळणार आहे? डॉक्टर म्हणतात सूज उतरायची वाट बघायची, दुसरं औषध नाही. मग हे करून बघायला काय हरकत?’’

त्या बाईला तोंडावर ‘पुरावा नाही’ असं सांगणं हे मला आजवर दिलेल्या कोणत्याही व्याख्यानापेक्षा जड गेलं. कारण तिचं अर्धं म्हणणं खरं आहे. मेंदूच्या त्या दुसऱ्या पुरावर आजही खात्रीचं असं औषध नाही. हातात काहीच नसताना निष्पाप वाटणारे दोन थेंब नाकारायचे कशाच्या बळावर?

‘करून बघायला काय हरकत’ हे वाक्य याआधी जगभरच्या डॉक्टरांनीच उच्चारलं होतं, आणि त्याची किंमत मोजली गेली आहे, या बळावर. डोक्याला मार लागला की सूज येते, स्टिरॉइड सूज उतरवतं, म्हणून स्टिरॉइड द्या. किती सरळ, किती पटणारं! तीस वर्षांहून जास्त काळ असंख्य रुग्णांना ते दिलं गेलं. शेवटी कुणीतरी वीस हजार रुग्णांवर नीट तुलना करायचं ठरवलं. २००४ मध्ये १०,००८ रुग्णांवरच ती चाचणी थांबवावी लागली. दोन आठवड्यांत दगावलेले स्टिरॉइड घेतलेल्यांत २१.१ टक्के, न घेतलेल्यांत १७.९. दर शंभरामागे तीन माणसं जास्त. हे तीन लोक कोण होते ते कुणालाच कधी कळलं नसतं. वॉर्डातल्या कोणत्याही डॉक्टरला आपल्या डोळ्यांनी ‘शंभरात तीन’ दिसत नाहीत. त्याला बरे झालेले आठवतात आणि गेलेल्यांचं खापर अपघातावर फुटतं. मोठ्या चाचणीचा खटाटोप याचसाठी असतो. सद्हेतूनं केलेली हत्या आकड्यांशिवाय दिसत नाही.

आणि ते दोन थेंब निष्पापही नाहीत. डोक्याला मार लागलेल्याला झटक्यांची औषधं चालू असतात. कॅनाबिडिओल काही झटकेविरोधी औषधांचं शरीरातलं प्रमाण वाढवतं, गुंगी आणतं, त्यांतल्याच व्हॅल्प्रोएट या औषधाबरोबर दिलं तर यकृताला त्रास होऊ शकतो. हे त्याच्या समर्थकांच्याच चाचण्यांतून कळलेलं आहे. आयसीयूतली नर्स तासातासाला डोळे उघडतो का, हात दाबला तर ओढतो का हे बघत असते. चोरून घातलेल्या थेंबांची गुंगी तिला मेंदूतली सूज वाटली तर? किंवा सूज गुंगी वाटली तर? आणि बाटलीत टीएचसी किती, कॅनाबिडिओल किती, हे लेबलावर विश्वास ठेवून मानायचं.

‘मग आयुर्वेदाचं हजार वर्षांचं ज्ञान फुकट?’ परिसंवादात हा प्रश्न गरजून विचारला गेला. फुकट मुळीच नाही. शार्ङ्गधर या जुन्या आयुर्वेद ग्रंथकारानं भांगेला ‘व्यवायी’ म्हटलं आहे : आधी सगळ्या शरीरात पसरतं आणि मग पचतं असं द्रव्य. चरबीत विरघळणाऱ्या आणि झपाट्यानं मेंदूपर्यंत पोचणाऱ्या द्रव्याबद्दल इतकं नेमकं निरीक्षण वाचलं की मी नमस्कार करतो. पण निरीक्षणाचा सन्मान कसा करायचा याचा नमुना आपल्याच घरात आहे. सर्पगंधा ही वनस्पती वेडावर आणि निद्रानाशावर आपल्याकडे पूर्वापार वापरात होती. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्याबद्दल लिहिलं, त्याच सुमारास दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकी तिच्यातली द्रव्यं वेगळी करत होते. मग १९४९ मध्ये मुंबईच्या रुस्तम जाल वकिलांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर तिचा रीतसर अभ्यास करून तो ब्रिटिश नियतकालिकात छापला आणि सर्पगंधा जगाच्या औषधालयात गेली. पुढे मोजूनमापून वापरल्यामुळेच तिचा दोषही कळला. काही रुग्णांना त्यातल्या द्रव्यानं उदासी घेरते हे लक्षात आलं. वकिलांनी ग्रंथाचा अपमान केला, असं कुणी म्हणतं का?

गांजाच्या बाबतीतही हा रस्ता एकदा अर्धा चालून झालाय. १८३९ मध्ये कोलकात्यात ओशॉनेसी नावाच्या आयरिश डॉक्टरनं धनुर्वात, संधिवात आणि एका तान्ह्या बाळाचे झटके यांवर भांगेचा अर्क वापरला. त्याची निरीक्षणं युरोपात गाजली आणि पन्नास-साठ वर्षांत विरली, कारण दर बाटलीचा जोर वेगळा. आणि २०१८ मध्ये, जवळजवळ १८० वर्षांनी, मुलांच्या दोन दुर्धर प्रकारच्या झटक्यांसाठी शुद्ध कॅनाबिडिओलला अमेरिकेत मान्यता मिळाली. मधल्या काळात वनस्पती बदलली नव्हती. मात्रा मोजता येऊ लागली होती.

आता पोलीस अधिकाऱ्यांकडे वळू. त्यांचीही भीती बाजूला सारण्यासारखी नाही. कोवळ्या वयात रोजचा गांजा मेंदूला घातक आहे, काहींना तो भ्रमिष्टपणाकडे नेतो. आणि ‘मागचं दार’ हेही खरं आहे : कॅलिफोर्नियानं १९९६ मध्ये औषध म्हणून परवानगी दिली, २०१६ मध्ये करमणुकीसाठीही. पण आपण मागच्या दाराला भिऊन पुढचं दार बंद केलं की काय होतं, हे मॉर्फिननं दाखवलं आहे. १९८५ चा एनडीपीएस हा अमली पदार्थांविरुद्धचा कायदा आला, कागदपत्रं आणि परवाने इतके वाढले की पुढच्या बारा वर्षांत देशातला वैद्यकीय मॉर्फिनचा वापर ९० टक्क्यांहून जास्त घसरला. ज्या देशात सरकारी परवान्यानं अफू पिकते त्या देशात कर्करोगाचे रुग्ण तळमळत मेले आणि गर्दुल्ल्यांचं काही अडलं नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. ती चूक दुरुस्त करायला २०१४ ची कायदादुरुस्ती यावी लागली.

शिवाय भीतीलाही पुरावा लागतोच. १८९३ मध्ये इंग्रज सरकारनं गांजा-भांगेच्या चौकशीसाठी आयोग नेमला होता. गांजानं हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळं भरली आहेत, असा तेव्हा बोभाटा होता. ११९३ साक्षी झाल्या, सात खंडांचा अहवाल निघाला, आणि इस्पितळांच्या वह्या तपासल्यावर काय आढळलं? वेडाचं कारण या रकान्यात ‘गांजा’ हा शब्द बहुतेक वेळा पोलिसांच्या कागदावरून जसाच्या तसा उतरवलेला होता. रकाना भरायचा म्हणून भरलेला. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या आयोगानं मूळ नोंद काढून बघण्याचे कष्ट घेतले. आपण व्यासपीठावर किस्से सांगतो.

कायद्याची आजची स्थिती तर गमतीची आहे. एनडीपीएसच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. नुसती पानं आणि बिया त्यात येत नाहीत. म्हणून पानांपासून केलेली तेलं आयुष परवान्यावर बाजारात येतात. ग्रंथोक्त कल्प ग्रंथात सांगितलेल्या उपयोगासाठीच करायचा असेल तर शेकडो रुग्णांवरच्या चाचणीची गरज नसते. पण जिथे ही द्रव्यं खरी साठलेली असतात तो फुलोरा एखाद्या संशोधकाला अभ्यासायचा असेल तर राज्य सरकारच्या परवान्यापासून सुरुवात. २०२० च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांत गांजाला अतिघातक यादीतून काढायचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी झाला, तेव्हा भारतानं बाजूनं मत दिलं. व्हिएन्नात हात वर केला, इथला कागद मात्र तसाच आहे. दुसरीकडे १९५४ चा जादुई औषधांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा आहे. त्याच्या परिशिष्टात मेंदूचे विकार स्पष्ट लिहिलेले आहेत; त्यांवर उपचाराचा दावा करणारी जाहिरात हा गुन्हा आहे. नवा कायदा कशाला, हाच उघडून वाचला तरी ‘मेंदूचं रक्षण करणारं तेल’ विकणारे निम्मे गप्प होतील.

जाता जाता एक सांगतोच, नाहीतर पुण्याबद्दल लिहून गप्प राहिल्यासारखं होईल. हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मरणाचा ४२ टक्क्यांनी घटतो, हे अनेक अभ्यास एकत्र करून केव्हाच दाखवून झालंय. मेंदू वाचवणारं इतकं स्वस्त साधन दुसरं नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत याच शहरात त्याच्या सक्तीविरुद्ध मोर्चा निघाला होता. परिसंवाद संपल्यावर ‘मेंदूच्या रक्षणा’बद्दल हिरिरीनं बोलणारे किती जण उघड्या डोक्यानं गाडीवर बसले, ते मी मोजलं नाही. सवय आहे, पण त्या दिवशी धीर झाला नाही.

शेजारचा मुलगा दहाव्या दिवशी डोळे उघडून बोलला. आता घरी आहे, नावं विसरतो, लवकर चिडतो, पण जिना उतरून दुधाची पिशवी आणतो. त्याच्या आईनं थेंब घातले नव्हते. घातले असते तर आज सगळ्या सोसायटीत त्या तेलाची ख्याती झाली असती आणि मला ती खोडून काढता आली नसती. एका मुलावरून मलाही काहीच सिद्ध करता येत नाही, तेलाच्या बाजूनं नाही आणि विरुद्धही नाही. बाटली अजून त्यांच्या फ्रीजच्या दारात, मिरचीच्या लोणच्याशेजारी उभी आहे. परवा मी विचारलं तर म्हणाली, ‘‘चार हजार मोजलेत काका, टाकवत नाही.’’